मनापासून लिहिलंय, मग कमी काय पडतं?

एखाद्या कवितेवर टीका झाली की कवीच्या बाजूनं हमखास एक वाक्य पुढे येतं: "अहो, पण मनापासून लिहिलंय त्यानं!" यावर टीकाकार बहुधा गप्प बसतो. मनापासून लिहिलेल्याला नावं ठेवायची म्हणजे माणसालाच नावं ठेवल्यासारखं वाटतं. उलट एखादं पुस्तक झोडपायचं असेल तर 'कृत्रिम आहे', 'आतून आलेलं नाही' एवढं म्हटलं की काम भागतं. प्रांजळपणा ही कलेची पहिली कसोटी, आणि पुष्कळदा तीच शेवटचीही, असं आपण धरूनच चालतो.

आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डनं १८९१ सालच्या एका निबंधसंग्रहात याच्या नेमकं उलट लिहून ठेवलं. सगळी वाईट कविता खऱ्याखुऱ्या भावनेतूनच जन्माला येते, असं त्याचं म्हणणं. वाइल्डची बहुतेक वाक्यं असतात तसं हेही चमकदार आहे, त्यामुळे हसून सोडून द्यावंसं वाटतं. पण शोकसंदेश, निरोपाची भाषणं, पहिल्या प्रेमात भरलेल्या वह्या आठवून पाहा. दुःख खरं असतं, प्रेम खरं असतं, डोळ्यांतलं पाणीही खरं असतं. तरी शब्द सगळ्यांचे तेच: कधीही न भरून येणारी पोकळी, तुझ्याविना अधुरं आयुष्य. लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या भावनेला स्वतःचे शब्द सापडलेले नसतात, म्हणून ती हाताशी आलेले तयार शब्द उचलते. आणि एकदा ते उचलले की भावनाही त्या शब्दांच्या मापाची होऊन बसते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. प्रांजळपणा म्हणजे मनात एक आणि ओठांवर दुसरं, असं नसणं. मर्मदृष्टी म्हणजे वरवर जे दिसतं त्याच्या आत काय चाललंय हे उमगणं. पहिली असली की दुसरी आपोआप येते, असा आपला समज असतो. हृदयविकाराचा झटका येत असताना काही जणांना डावा हात दुखतो, काहींचा जबडा. 'हात दुखतोय' असं सांगणारा रुग्ण पूर्ण प्रांजळ असतो. त्याला जे जाणवतंय तेच तो सांगतो. बिघाड मात्र भलतीकडेच असतो. आपल्या मनाबद्दल आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. सांगणं खरं असतं, पण जागा चुकलेली असते.

मुळात प्रांजळपणाला एवढं वजन कायम होतं असंही नाही. अमेरिकन समीक्षक लायनेल ट्रिलिंग यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात त्याचा इतिहास मांडला. ग्रीक महाकाव्यातला वीर अकिलीस प्रांजळ होता का, हा प्रश्न कुणाला पडत नाही, असं ते दाखवतात. तो शूर होता, रागीट होता, दुःखी होता. 'प्रांजळ' हे विशेषण त्याला लागतच नाही. ट्रिलिंग यांच्या मते युरोपात ही काळजी सोळाव्या शतकाच्या सुमाराला सुरू झाली. माणसं जन्मानं मिळालेल्या जागेवरून हलू लागली, शहरं वाढली, अनोळखी लोकांशी व्यवहार वाढले. समोरचा जे दाखवतो तेच तो आहे की सोंग घेतोय, हा प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थानं महत्त्वाचा झाला. नाटकात कपटी खलनायकांची चलती झाली तीही याच काळात.

प्रांजळपणाचा सगळ्यात मोठा दावा करणारा लेखक त्यानंतर दोनेक शतकांनी आला: ज्याँ-जाक रूसो. त्याचं आत्मकथन त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १७८२ साली छापून येऊ लागलं. असं काम आजवर कुणी केलेलं नाही, मी एका माणसाला तो आहे तसा उघडा करून दाखवणार आहे, अशी त्याची सुरुवातच आहे. आणि पुस्तकात तो खरोखर अशा गोष्टी सांगतो ज्या बहुतेक लोक मरताना सोबत घेऊन जातात.

त्यातली एक पाहू. सोळा वर्षांचा रूसो इटलीतल्या तुरीन शहरात एका श्रीमंत बाईंकडे नोकर होता. त्या वारल्या, घरातल्या सामानाची मोजदाद सुरू झाली आणि एक जुनी रिबीन कमी भरली. ती रूसोनं चोरली होती आणि त्याच्यापाशीच सापडली. कुठून आणलीस, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, मारियॉननं दिली. मारियॉन त्याच घरात स्वयंपाक करणारी तरुण मुलगी. ती समोर उभी राहून नाही म्हणत राहिली. तो आपल्या सांगण्यावर ठाम राहिला. शेवटी दोघांनाही काढून टाकलं. पुढे तिचं काय झालं असेल, चोरीचा डाग लागलेल्या मुलीला काम कुणी दिलं असेल, या विचारानं जन्मभर छळल्याचं रूसो लिहितो.

आता तो पुढे काय करतो ते बघण्यासारखं आहे. तिचंच नाव का घेतलं, हे तो शोधू लागतो आणि विलक्षण उत्तर देतो. ती त्याला आवडत होती, रिबीन तिलाच द्यायची होती, म्हणून ती मनात होती. आणि मनात होती म्हणून संकटात तिचंच नाव तोंडाला आलं. ज्या जिव्हाळ्यानं तिला भेट द्यायची, त्याच जिव्हाळ्यानं तिचा घात केला. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातली ही सगळ्यात खोल ओळ आहे, कारण यात रूसोची बाजूही सावरली जात नाही आणि त्याचं राक्षसी चित्रही उभं राहत नाही. मन असं चालतं, एवढंच त्यातून दिसतं. पण तिथेच थोडं पुढे तो स्वतःचा वकील होतो. मी लहान होतो, शिक्षेपेक्षा लाजेला घाबरलो, मला बाजूला घेऊन प्रेमानं विचारलं असतं तर कबूल केलं असतं, वगैरे. प्रांजळपणा दोन्हीकडे आहे, मर्मदृष्टी फक्त आधीच्या ओळीत आहे. आपली पाचही मुलं जन्मताच अनाथालयात दिल्याची कबुली देतानाही तो असाच वागतो. कबुली येते, मागोमाग कारणांची फौज येते. लहान मुलांना कसं वाढवावं यावरचा गाजलेला ग्रंथ १७६२ साली लिहिणारा माणूस तो हाच. त्याला नुसतं ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तसं केलं तर मुद्दा हातून निसटतो. तो ढोंगी नसावा. 'मी सगळं सांगून टाकलं' या समाधानात, सांगितलेल्याकडे पुन्हा पाहायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं.

फ्रेंच लेखक मोंतेन्यच्या निबंधांत नेमकं हेच पाहणं भरभरून आहे. १५८० साली त्यानं आपले निबंध पहिल्यांदा छापले. १५८८च्या आवृत्तीत खूप भर घातली, आणि १५९२ साली वारेपर्यंत स्वतःच्या प्रतीच्या समासांत लिहीतच राहिला. भर घालायची, आधीचं सहसा खोडायचं नाही, अशी त्याची रीत. त्यामुळे एकाच परिच्छेदात तीन वयांचा मोंतेन्य बोलताना दिसतो आणि ते तिघं एकमेकांशी सहमत असतीलच असं नाही. आपण स्थिर माणसाचं चित्र काढत नसून सरकत्या माणसाचं काढतोय, हे तो स्वतःच सांगतो. रूसो म्हणतो, मी असा आहे. मोंतेन्य म्हणतो, आज बघितलं तर असा दिसतोय, उद्या बघू. दुसऱ्या पद्धतीत गाजावाजा कमी असतो आणि हाती जास्त लागतं.

तुकारामांच्या गाथेतही हा धागा सापडतो. विठ्ठलाला मिठी मारणारे अभंग आहेत, त्याच्याशी कडाकडा भांडणारे आहेत, आणि माझ्यापुरता देव मेला असं म्हणणाराही आहे. यातला खरा तुकाराम कोणता, असं विचारणारा वाचक चुकीचं काही शोधतोय. त्या-त्या क्षणी जे दिसलं ते पुढच्या क्षणाच्या सोयीसाठी त्यांनी मऊ केलं नाही. भक्ताला शोभेल असं बोलायचं तर भांडणाचे अभंग गिळून टाकता आले असते.

इथवर आपण लेखक स्वतःबद्दल लिहितो तेव्हाचं बोललो. कविता, नाटक, कथा यांत प्रश्न आणखी अवघड होतो. तिथे बोलणारा 'मी' कोण असतो?

या प्रश्नावर काव्यशास्त्राचे अभ्यासक अभिनवगुप्त यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये जे लिहिलं ते आजही ताजं वाटतं. कथा सगळ्यांना माहीत आहे. व्याधानं क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला नर मारला, मादीचा आक्रोश ऐकून वाल्मीकींच्या तोंडून श्लोक बाहेर पडला. आनंदवर्धनांनी नवव्या शतकात आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात याचं सूत्र केलं: शोकच श्लोक झाला. सरळ अर्थ घेतला तर हा प्रांजळपणाचा विजय. मुनींना दुःख झालं, दुःखातून काव्य आलं. अभिनवगुप्त त्या ग्रंथावरच्या आपल्या भाष्यात बजावतात की हा मुनींचा स्वतःचा शोक आहे असं मुळीच समजू नका. मुनी स्वतःच शोकात बुडाले असते तर ते दुःखी माणूस झाले असते, एवढंच. त्यातून रस, म्हणजे रसिकाला चाखता येणारी भावना, निर्माण झाला नसता. दुःखानं पोळलेला माणूस कण्हतो, छंदात बोलत नाही.

मग तो शोक कुणाचा? रसविचाराचं उत्तर असं की तो आता कुणा एकाचा राहिलेला नाही. पक्षिणीचा नाही, मुनींचा नाही, वाचकाचा नाही. 'माझं' आणि 'परक्याचं' ही कुंपणं गळून पडली, की भावना सगळ्यांना चाखता येईल अशी होते. याला साधारणीकरण म्हणतात. करुण नाटक बघताना आपण रडतो आणि तरी पुन्हा बघायला जातो, याचं स्पष्टीकरण यात आहे. घरातल्या खऱ्या मृत्यूचा प्रयोग पुन्हा बघायला कुणी जाणार नाही.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लेखक-विचारवंत दिदरो वेगळ्या वाटेनं जवळपास याच ठिकाणी आला. त्याचा विषय नट. रंगमंचावर खरोखर भावनेत वाहून जाणारा नट एका रात्री अप्रतिम असतो आणि तिसऱ्या रात्री थंड पडतो. स्वतःवर आणि लोकांवर बारीक नजर ठेवणारा, डोकं शांत असलेला नट रोज तितकाच हलवून सोडतो. दिदरो इंग्रज नट गॅरिकचं उदाहरण देतो. तो दाराच्या फटीतून डोकं बाहेर काढायचा आणि काही सेकंदांत आनंदापासून निराशेपर्यंतचे सगळे भाव चेहऱ्यावरून सरकवून दाखवायचा. इतक्या वेळात इतकं सगळं त्याला वाटलं असेल हे शक्य नाही. कोणता भाव कसा दिसतो हे त्याला ठाऊक होतं. दिदरोचा हा संवाद त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १८३० साली छापला गेला आणि नटमंडळी आजही त्यावर वाद घालतात. तो सगळ्या नटांना लागू पडतो असं मला वाटत नाही. पण 'वाटणं' आणि 'कळणं' यांतली फट त्यानं इतकी स्वच्छ दाखवली की ती परत बुजवता येत नाही.

पोर्तुगीज कवी पेसोआनं तर ही फटच आपलं घर केलं. त्यानं वेगवेगळ्या नावांनी कविता लिहिल्या, आणि ती नुसती टोपणनावं नव्हती. प्रत्येकाला वेगळं चरित्र, वेगळी शैली, वेगळं तत्त्वज्ञान होतं. कवी हा असा बतावणीखोर आहे की जी वेदना त्याला खरोखर होतेय तिचीही तो बतावणी करतो, अशा आशयाची त्याची एक छोटी कविता आहे. ती वाचून गंमत वाटते आणि मग लक्षात येतं की लिहायला बसलेल्या प्रत्येकाचं हेच होतं. खरी वेदना कागदावर आपणहून उतरत नाही, ती घडवावी लागते.

मग प्रांजळपणा निकालात काढायचा का? नाही. दुसऱ्या टोकाची एक गोष्ट त्यासाठी उपयोगी पडेल. १९३७ साली वयोवृद्ध डच कलातज्ज्ञ ब्रेडियस यांनी सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या डच चित्रकाराचं एक अज्ञात चित्र सापडल्याचं जाहीर केलं. त्यातल्या भावनेच्या खोलीनं ते भारावून गेले होते. पुढे ते रॉटरडॅमच्या संग्रहालयानं घेतलं. १९४५ साली हान व्हान मेगरन नावाच्या चित्रकाराला, नाझी नेता गोअरिंगपर्यंत व्हर्मीरचं एक चित्र पोचवल्याबद्दल अटक झाली. राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपातून सुटण्यासाठी त्यानं सांगून टाकलं की ही चित्रं मीच काढली आहेत, ब्रेडियस यांनी नावाजलेलं चित्रसुद्धा. सिद्ध करण्यासाठी त्यानं पहाऱ्यात आणखी एक काढून दाखवलं.

ब्रेडियस यांचं भारावणं शंभर टक्के प्रांजळ होतं. व्हर्मीरनं तरुणपणी धार्मिक चित्रं काढली असावीत असा तज्ज्ञांचा अंदाज होता. खोटं चित्र त्या अपेक्षेच्या मापानंच बेतलेलं होतं, म्हणून त्यांना ते ओळखीचं आणि खोल वाटलं. आज तेच चित्र बघणाऱ्याला त्या जड पापण्यांच्या चेहऱ्यांत सतराव्या शतकापेक्षा १९३०च्या दशकाचा चित्रपट जास्त दिसतो. काळ सरकला तशी अपेक्षा सुटली आणि चित्रात चित्रकारानं स्वतः पाहिलेलं काहीच नव्हतं हे उघडं पडलं. मेगरनची नजर व्हर्मीरच्या खिडकीवर किंवा प्रकाशावर नव्हतीच. ती तज्ज्ञांच्या चेहऱ्यावर होती.

आता फ्रेंच चित्रकार पॉल सेझानकडे बघा. १८९९ साली त्यानं चित्रविक्रेता व्होलार याचं व्यक्तिचित्र हाती घेतलं. व्होलारनंच लिहून ठेवलंय की त्याला एकशे पंधरा वेळा बसवल्यावर सेझाननं चित्र अर्धवट सोडलं आणि म्हणाला, शर्टाचा पुढचा भाग काही अगदीच वाईट झालेला नाही. व्होलार गोष्टी रंगवून सांगणारा माणूस होता, तेव्हा आकड्यात थोडं मीठमसाला धरला तरी हरकत नाही. या चित्रातून व्होलारबद्दल सेझानला काय 'वाटत' होतं हे फारसं कळत नाही. कळते ती एक जिद्द: जे दिसत नाही ते दिसल्यासारखं रंगवायचं नाही.

मला म्हणायचंय ते इथे येऊन ठेपतं. कलेतला प्रांजळपणा स्वतःच्या भावनेशी मोजायला गेलं की आपण फसतो, कारण ती भावना बाहेरून कुणाला तपासता येत नाही आणि आतून स्वतःलाही नीट कळत नाही. समोरच्या गोष्टीशी असलेला प्रांजळपणा मात्र कलाकृतीतच दिसतो. लेखकानं पात्राला आपल्या मताची पाटी धरून उभं केलंय की पात्र त्याला अडचणीत आणतंय? कथेत असा एखादा तपशील आहे का, जो लेखकाच्या म्हणण्याला सोयीचा नाही आणि तरी तिथे ठेवलाय? मारियॉनची ओळ त्यामुळेच खरी वाटते. मर्मदृष्टीही इथूनच येते. ती आकाशातून पडत नाही. नजर सोयीच्या जागी थांबू न देण्यानं येते. म्हणूनच ज्याच्याबद्दल मनात काहीच नाही अशा माणसाबद्दल लिहूनही एखादी लेखिका पूर्ण प्रांजळ असू शकते आणि स्वतःच्याच आयुष्याबद्दल लिहिणारा खोटा ठरू शकतो.

तत्त्वज्ञानात तर प्रांजळपणाच आड येऊ शकतो, असं फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४३ साली दाखवलं. "मी हा असा आहे, तोंडावर बोलतो, माझ्या पोटात काही नसतं," असं म्हणणारी माणसं तुमच्या ओळखीची असतील. हे वाक्य प्रांजळ आहे. पण ते म्हणताना माणूस स्वतःला एखाद्या दगडासारखा ठरवून टाकतो: दगड कठीण, मी फटकळ. त्यात बदलायचं काही उरत नाही. शिवाय कबुली देणारा म्हणून तो त्या दोषापासून अलगद दूरही उभा राहतो. दोष मान्य केल्याचं श्रेय मिळतं आणि दोषही कायम राहतो. सार्त्रला हा आत्मवंचनेचाच एक प्रकार वाटतो.

ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. १९२१ साली छापलेल्या पहिल्या पुस्तकात त्यानं तत्त्वज्ञानाचे प्रश्न मुळात सुटल्याचं लिहिलं आणि ऑस्ट्रियातल्या खेड्यांत शाळामास्तर म्हणून निघून गेला. पुढे १९२९मध्ये केंब्रिजला परतला आणि आपलंच पुस्तक उसवत बसला. मृत्यूनंतर १९५३ साली निघालेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत, पहिल्या पुस्तकात गंभीर चुका होत्या असं तो स्पष्ट सांगतो. मधल्या काळात, १९३६च्या सुमारास, त्यानं मित्रांना आपल्या अपराधांची कबुली वाचून दाखवली आणि ज्या गावी विद्यार्थ्यांना मारहाण केली होती तिथे जाऊन माफी मागितली. दोन्ही कामांत एकच सवय दिसते. जुनं वाक्य आपलं आहे म्हणून त्याला सूट द्यायची नाही.

राहता राहिला वाचक. लेखकाकडे प्रांजळपणा मागणारे आपण वाचताना किती प्रांजळ असतो? १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि मोकळेपणानं लिहायला सांगितलं. १९२९च्या पुस्तकात अशा तेरा कवितांवरचे अभिप्राय आहेत. डन आणि हॉपकिन्स या नावाजलेल्या इंग्रज कवींच्या कविता अनेकांना आवडल्या नाहीत, आणि सामान्य कवितांवर बरेच जण लुब्ध झाले. नाव गेलं तसा आधार गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुष्कळांनी समोरची कविता वाचलीच नव्हती. मृत्यू, प्रेम, देव असा विषय दिसताक्षणी मनात आधीच तयार असलेली प्रतिक्रिया त्यांनी उतरवून काढली होती, आणि तीही मनापासून.

यावर रिचर्ड्स यांनी एक विचित्र उपाय सुचवला. कवितेबद्दल मत ठरत नसेल तर शांत बसून पाच गोष्टींचं चिंतन करावं: माणसाचं एकटेपण, जन्ममृत्यूचं गूढ, विश्वाचा अफाटपणा, काळाच्या पटावरचं आपलं स्थान आणि आपल्या अज्ञानाचा विस्तार. मग कविता पुन्हा वाचावी. कवी-समीक्षक टी. एस. एलियटनं पुढे या यादीची चांगलीच फिरकी घेतली, आणि पहिल्या चार विषयांपुरती मी एलियटच्या बाजूनं आहे. विश्वाचा अफाटपणा मनात घेऊन बसलं तर चार ओळींची कुठलीही कविता भव्य वाटू लागेल. पाचवा विषय मात्र मी ठेवून घेईन. आणि दुसऱ्यांदा वाचताना, पहिल्या वेळी ज्या ओळीवर लगेच डोळे भरून आले होते तिच्यावरच जरा जास्त वेळ थांबेन.